कुंडलिकेच्या पाण्याची वेळ आणि ठाण्याची बस

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग करून आलो. आम्ही म्हणजे मी, माझी नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा ओजस. ठाण्यातल्या एका सहल आयोजकाकडे माणशी २,४०० रुपये भरले होते आणि त्यात ठाण्याहून जाण्यायेण्याची बस, नाश्ता, जेवण, राफ्टिंग व दुपारी ‘नदीकाठी मासेमारीचा अनुभव’ असे सारे धरलेले होते. आयोजकाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे बिघडले त्याची लेखी तक्रार त्यांच्याकडे केली आहे आणि तिचा निकाल अजून लागायचा आहे. नाव न देताही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. एकाच पावतीवर मिळालेल्या या सेवेतला नदीवरचा भाग उत्तम होता आणि ठाण्यातल्या कार्यालयाचा भाग निष्काळजी होता. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे मला त्या दिवशी पाण्यात बसल्यावर कळले.

ठाण्यात नौकाविहार म्हटला की तलावपाळीवरची पायाने चालवायची होडी आठवते. आपल्याकडे खाडी आहे, तलाव तर मोजून कंटाळा यावा इतके आहेत, पण डोंगरातून खळाळत येणारी, वर्षभर पाणी असलेली नदी हाताशी नाही. त्यामुळे सव्वाशे-एकशे तीस किलोमीटरवरची कुंडलिका हेच आपल्या बाजूचे सर्वांत सोयीचे राफ्टिंग ठरते. सह्याद्रीतून निघणाऱ्या बहुतेक पश्चिमवाहिनी नद्या दिवाळीनंतर आटू लागतात आणि होळीपर्यंत त्यांच्या पात्रात गोटे आणि डबकी उरतात. कुंडलिकेत मात्र भर जानेवारीत राफ्ट चालते, आणि त्याचे कारण मुळशीला आहे.

पुणे जिल्ह्यातल्या मुळा नदीवर टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधले. त्याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली. मुळेचे पाणी एरवी भीमेला, पुढे कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचे. धरणात अडवलेले ते पाणी घाटमाथ्यावरून बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात भिरा येथे खाली सोडले जाते आणि तेथील वीजकेंद्र त्यावर १९२७ सालापासून वीज तयार करते. यंत्रांवरून उतरलेले पाणी पुन्हा अडवून रवाळजे येथे आणखी एकदा विजेसाठी वापरतात आणि मग ते कुंडलिकेच्या पात्रात सुटते. तेथून कोलाड, रोहा करीत ते रेवदंड्याच्या खाडीत जाते. पूर्वेला निघालेली नदी माणसाने अशी पश्चिमेला वळवली आहे, आणि आपण हिवाळ्यात ज्या लाटांवर आरडाओरडा करतो त्या एका अर्थी मुळेच्या आहेत. (ही वीज मुख्यतः मुंबईच्या वाट्याची. ठाणेकर मंडळी महावितरणची. आमच्या वाट्याला फक्त सांडपाणी आले, असे नणंदेच्या यजमानांनी बसमध्ये सांगितले आणि स्वतःच हसले.)

हे सारे सांगण्याचा हेतू इतिहास उगाळण्याचा नाही. पावसाळा सोडला तर या नदीला भरती-ओहोटीसारखी वेळ असते, एवढे एक वाक्य मला अभिप्रेत आहे. सकाळी पाणी सुटते, काही तास वाहते आणि बंद होते. रवाळजेच्या परिसरात कोणालाही ‘पाणी सुटले का?’ असे विचारले तर त्याला प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. तेव्हा या नदीवरच्या कोणत्याही सेवेची पहिली परीक्षा अशी की, ती आपल्या गिऱ्हाइकाला पाण्याच्या वेळेवर नदीवर पोहोचवते की नाही. आमच्या आयोजकाच्या माहितीपत्रकात टेकड्या होत्या, हसरे चेहरे होते, जेवणाची यादी होती, परंतु पाण्याच्या वेळेचा उल्लेख कुठेही नव्हता.

बस तीन हात नाक्याहून पहाटे पाच वाजता सुटणार होती. ती पाच वाजून पन्नास मिनिटांनी सुटली, कारण दोन कुटुंबे यायची होती आणि बसमध्ये असलेल्या आयोजकाच्या मुलाने त्यांना पाच वेळा फोन करून ‘या, या, निवांत या’ असे सांगितले. मग ऐरोली, वाशी आणि खारघर येथे थांबे झाले. पळस्पे फाटा ओलांडून मुंबई-गोवा महामार्गाला लागेपर्यंत लख्ख उजाडले होते. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि त्याविषयी रायगडात जे बोलले जाते ते येथे लिहिण्याजोगे नाही. पण निदान त्या दिवशी रस्त्याचा दोष नव्हता. वडखळला नाश्त्यासाठी वीस मिनिटे ठरलेली असताना पाऊण तास गेला. मिसळ बरी होती, चहा गोड होता, याहून अधिक काही त्याविषयी लिहावेसे वाटत नाही. कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावरून भिऱ्याच्या रस्त्याला वळलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते, आणि समोरून राफ्ट टपावर बांधलेली, पाणी निथळणारी एक जीप परत येताना दिसली. पहाटेच्या तुकडीचे लोक नदी करून परतत होते. त्या जीपकडे पाहताना बसमधल्या मुलाच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही, याची मला अजून गंमत वाटते.

नदीवर मात्र वेगळाच कारभार होता. आमचा मार्गदर्शक उत्तराखंडचा, तिशीतला, मोडकी पण स्वच्छ मराठी बोलणारा होता. त्याने प्रथम पाण्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे, आणि मग आमच्याकडे. उशीर झाला आहे हे त्याला आमच्याआधी कळले होते. अशा वेळी सूचना उरकून लोकांना राफ्टमध्ये ढकलण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्याने पुरती पंधरा मिनिटे घेतली, आणि या सहलीला मी जे गुण देणार आहे त्यातले निम्मे त्या पंधरा मिनिटांचे आहेत.

त्याने प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटची सगळी बक्कले स्वतः आवळली आणि मग खांद्याच्या पट्ट्यांना धरून प्रत्येकाला वर उचलण्याचा प्रयत्न केला. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे, पुन्हा आवळायचे. नणंदेचे जॅकेट दोनदा बदलले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतकाच ढिला ठेवला. चष्मेवाल्यांना त्याने खिशातून दोऱ्या काढून दिल्या. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, ती काहीही झाले तरी तळव्याखालून सुटता कामा नये, हे त्याने तीन वेळा सांगितले, कारण राफ्ट आदळली की ती मोकळी मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलो तर उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटे पाण्याच्या वर ठेवायची, आणि कितीही उथळ वाटले तरी वाहत्या पाण्यात उभे राहायचे नाही. हा शेवटचा नियम लोकांना उलटा वाटतो. गुडघाभर पाण्यात उभे राहिलेल्या माणसाचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारी ओढ त्याला पुढे आडवे पाडते आणि मग त्या गुडघाभर पाण्यातूनही डोके वर काढता येत नाही, असे त्याने दोन हातांच्या मुठीत वल्ह्याचे टोक अडकवून दाखवले. तोवर मागच्या रांगेत चाललेले सेल्फी थांबले होते.

त्यानंतर त्याची नजर ओजसकडे गेली. ‘याचे वय किती?’ बारा, असे मी सांगितले. ‘चौदाच्या खाली नाही घेत, ताई.’ ठाण्याच्या कार्यालयात मी आरक्षण करताना हाच प्रश्न स्पष्ट विचारला होता आणि ‘चालेल हो मॅडम, बरोबर तुम्ही आहात ना’ असे उत्तर मिळाले होते. पैसे पूर्ण घेतले होते. ओजसचे डोळे भरून आले, त्याच्या वडिलांनी थोडी रदबदली करून पाहिली, पण मार्गदर्शक बधला नाही. ‘मला तुमचे पैसे माहीत नाहीत, मला नदी माहीत आहे,’ असे तो म्हणाला. त्या क्षणी मला राग आला, तो त्याचा नव्हता. नणंद ओजसजवळ थांबली आणि आम्ही दोघे राफ्टमध्ये चढलो. त्यामुळे माणशी २,४०० रुपये भरलेल्या चौघांपैकी प्रत्यक्षात दोघांनीच राफ्टिंग केले.

आता नदीविषयी. राफ्टमध्ये आठ माणसे आणि मागे मार्गदर्शक अशी बैठक असते. रबरी कडेवर बसून पाय आतल्या आडव्या नळकांड्याखाली रुतवायचे असतात. तोल हातांनी नव्हे तर या पायांनी सांभाळायचा असतो, हे पहिल्या धक्क्याला कळते. रवाळजेपासून कामत गावापर्यंतचा हा टप्पा साधारण बारा किलोमीटरचा. खळाळांना एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी लावतात. कुंडलिकेचे खळाळ दोन आणि तीन या श्रेणींतले, म्हणजे नवख्याला धडकी भरेल पण सूचना पाळल्या तर निभावून जाईल असे आहेत. राफ्ट निघून दहा मिनिटेही झाली नसतील तोच पहिला खळाळ येतो. दुरून तो फक्त पांढरी रेघ दिसतो. मग पाण्याची एक गुळगुळीत, हिरवट, काचेसारखी जीभ दोन खडकांमधून खाली वाकलेली दिसते, मार्गदर्शक ‘फॉरवर्ड, जोरात’ असे ओरडतो, राफ्टचे नाक त्या जिभेवरून खाली जाते आणि समोरची लाट सरळ छातीवर येते. पाणी धरणाच्या पोटातून आलेले असल्यामुळे जानेवारीच्या सकाळी ते इतके गार लागते की पहिल्या लाटेला श्वास आतच राहतो. आमच्या पुढे बसलेले खारघरचे एक सत्तरीचे आजोबा त्या लाटेनंतर मोठ्याने ‘हर हर महादेव’ म्हणाले आणि पुढच्या प्रत्येक खळाळाला सगळ्या राफ्टने तेच म्हटले.

खळाळांच्या मध्ये संथ पाणी लागते. दोन्ही काठांना जांभूळ, करंज, उंबर वाकलेले असतात, खंड्या पाण्यावर सूर मारून जातो, वरच्या अंगाला सह्याद्रीचा कडा निळसर दिसत राहतो. एका संथ टप्प्यात मार्गदर्शकाने पाण्यात उतरायची परवानगी दिली आणि राफ्टच्या दोरीला धरून आम्ही उताणे तरंगत गेलो. कानात पाणी आणि वर फक्त आकाश. ठाण्याला घोडबंदर रोडवर सकाळी आठ वाजता ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना त्या दहा मिनिटांची किंमत सांगण्याची गरज नाही.

पण साधारण दोन तृतीयांश अंतर झाल्यावर काठच्या खडकांवर एक ओली पट्टी दिसू लागली. पाण्याची पातळी वीतभर खाली गेल्याची ती खूण होती. मार्गदर्शकाने मागे वळून पाहिले आणि वल्ही जोरात मारायला सांगितली. येथे मला हे गणित समजले: वर दरवाजे बंद झाले की पाणी सगळीकडे एकाच वेळी कमी होत नाही, सोडलेल्या पाण्याला डोके असते तसे शेपूटही असते, आणि ते शेपूट राफ्टपेक्षा वेगाने खाली येते. वेळेवर निघालेली राफ्ट त्या शेपटाच्या कितीतरी पुढे राहून कामतला पोहोचते. उशिरा निघालेल्या राफ्टला ते वाटेत गाठते. शेवटच्या दोन खळाळांत पाण्याऐवजी दगड वर आले होते, राफ्टचा तळ घासत होता, आणि एका ठिकाणी आम्हा सर्वांना एका बाजूला सरकून, बसल्या जागी उड्या मारून राफ्ट खडकावरून सोडवावी लागली. सकाळच्या तुकडीने ज्या खळाळात लाटा झेलल्या, तो आम्ही बैलगाडीसारखा खडखडत पार केला. तीन हात नाक्यावरची पन्नास मिनिटे आणि वडखळची पंचवीस मिनिटे अशी नदीत वसूल झाली.

जेवण कामतजवळच्या एका शेतातल्या तंबूंच्या जागी होते. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कोंबडीचा रस्सा, सोलकढी; सगळे गरम आणि घरच्या हाताचे. रायगडात हे दिवस पोपटीचे. भांबुर्डीचा पाला तळाला घालून, वालाच्या शेंगा मडक्यात भरून, मडके उपडे करून त्याभोवती जाळ केलेला होता. मडके उघडल्यावर जो वास सुटला त्याने आमची बरीचशी तक्रार तेवढ्यापुरती विरघळली. पोपटीचे वेगळे शंभर रुपये घेतले; ते आधी सांगितले असते तर बरे झाले असते, पण त्याविषयी माझे भांडण नाही.

भांडण मासेमारीविषयी आहे. माहितीपत्रकात महाशीर माशाचे चित्र होते. महाशीर हा डोंगरी, वाहत्या, खडकाळ पाण्याचा मासा. त्याची दख्खनमधली जात शास्त्राच्या दप्तरात १८३९ साली कर्नल साइक्स याने नोंदवली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून, आणि तिचे ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव येथल्याच बोलीतून उचललेले आहे. म्हणजे ज्या मुळेचे पाणी कुंडलिकेत येते तिचाच हा मासा. त्याची संख्या घटल्यामुळे टाटा कंपनीने लोणावळ्याला वळवण येथे १९७०च्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्ले सोडण्याचे काम चालवले आहे. अशा माशाचे चित्र छापून लोकांना गळ टाकायला बोलवायचे असेल तर निदान मासा सापडल्यास जिवंत परत कसा सोडावा हे सांगणारा एक माणूस तरी हवा. आम्हाला पावाच्या गोळ्या, गुंतलेल्या तंगूसच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याच्या, दोन चकऱ्या आणि ‘जा, काठावर बसा’ ही सूचना मिळाली. पाणी नुकतेच ओसरलेले, कडेला गुडघाभर चिखल आणि दुपारचे दोन वाजलेले. अशा वेळी मासा काठाला येत नाही, हे गळ टाकणारा कोणताही माणूस सांगेल. माझे वडील सुट्टीच्या दिवशी पवईच्या तलावावर गळ घेऊन बसायचे, म्हणून एवढे मला ठाऊक आहे.

ओजसचा दिवस मात्र याच भागाने वाचला, आणि त्यात आयोजकाचा काही वाटा नव्हता. आम्ही राफ्टमध्ये असताना तंबूंच्या जागेवर काम करणारे गावातले एक कातकरी काका त्याला नदीकडे घेऊन गेले होते. त्यांनी बांबूची कामटी तासून काठी केली, दोऱ्याला छोटी गरी बांधली, ओल्या मातीतून गांडूळ काढले आणि त्याला प्रवाहात नव्हे तर खडकाआडच्या कोंडीत, जेथे पाणी फिरून संथ होते तेथे, गळ सोडायला शिकवले. ‘पाणी उतरतं तेव्हा मासा कोंडीत जातो, आपण पण कोंडीवर जायचं,’ हे त्यांचे वाक्य ओजसने परतीच्या वाटेवर मला चार वेळा ऐकवले. त्याला एक बोटभर शिंगटी मिळाली. तिच्या पंखाचा काटा लागून त्याचे बोट सुजले होते, आणि ते बोट तो बसमध्ये पदक दाखवावे तसे सगळ्यांना दाखवत होता. ‘मामी, राफ्टिंग पुढच्या वर्षी, पण काकांकडे परत जायचं,’ असे त्याने बजावून ठेवले आहे. नणंदेने काकांना दोनशे रुपये देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत; मग त्यांच्या घरी जाऊन दोन किलो वाल विकत घेतले.

परतीची बस साडेचारला निघाली आणि ठाण्यात पावणेदहाला पोहोचली. खारघरनंतरची वाहतूक कोणाच्या हातात नाही, म्हणून त्याचे गुण मी कापत नाही.

गुणच द्यायचे झाले तर नदीवरच्या मार्गदर्शकाला व सुरक्षेला पाचपैकी पाच, जेवणाला चार, बसच्या वक्तशीरपणाला एक, मासेमारीला शून्य, आणि लहान मुलाबाबत खोटी हमी देऊन पैसे घेणाऱ्या कार्यालयाला माझ्याकडे अंक नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी आरक्षण करताना तीन प्रश्न लेखी विचारावेत: उद्या पाणी किती वाजता सुटणार आहे, आपली राफ्ट किती वाजता पाण्यात पडणार आहे, आणि किमान वय किती. पहिल्या प्रश्नाला ‘नदी आहे, पाणी असतेच’ असे उत्तर आले तर फोन ठेवून द्यावा. ज्यांना जमेल त्यांनी शुक्रवारी संध्याकाळीच कोलाडला मुक्कामी जावे. गाडी नसेल तर दिव्याहून रोह्याला लोकांची नेहमीची मेमू आहे आणि रोह्याहून कोलाडला रिक्षा वा एसटी मिळते. पावसाळ्यात नदीला स्वतःचे पाणी असल्यामुळे वेळेचा हा जाच कमी होतो, पण पाणी चढलेले असताना राफ्टिंग बंद ठेवले तर हुज्जत घालू नये. सुके कपडे दोन जोड न्यावेत, चपला मागे पट्टा असलेल्याच घालाव्यात, मोबाइल बसमध्येच ठेवावा.

आयोजकाने ओजसचे निम्मे पैसे परत करण्याचे तोंडी कबूल केले आहे. मी पूर्ण पैसे, नणंदेचे राफ्टिंगचे पैसे आणि मासेमारीचे चौघांचे पैसे मागितले आहेत. उत्तर आले की येथेच खाली लिहीन.